जमिनीने दिलेला शब्द

मे महिन्यातली संध्याकाळ होती. देवरी तालुक्यातल्या एका गावाबाहेर तेंदूपत्त्याची फळी लागली होती. पहाटे अंधारात जंगलात गेलेली माणसे उन्ह चढायच्या आत ओझी घेऊन परतत, घरातली लहानथोर सगळी पाने जुळवायला बसत आणि उन्हे कलली की सत्तर-सत्तर पानांचे पुडे घेऊन फळीवर येत. अब्बा त्या फळीवर मुन्शी होते. वर्षभर गोंदियात सायकलदुरुस्तीचे दुकान आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे मुन्शीगिरी, असे आमचे चालत असे. त्या दोन-तीन आठवड्यांच्या पैशातून आम्हा भावंडांची वह्या-पुस्तके आणि शाळेची फी निघे. घरी अम्मी याच पानांत तंबाखू भरून विड्या वळायची. म्हणजे माझ्या शिक्षणाची दोन्ही टोके एकाच झुडपाला बांधलेली होती.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. अब्बा वहीत आकडे मांडत होते आणि मी टेंभरे शोधत फळीच्या मागच्या रानात शिरलो. आदल्या रात्री तिथून वणवा गेला होता. जमीन काळी पडली होती. त्या काळ्या जमिनीवर वीसेक पावलांवर मला वाळक्या लाकडाचा एक तपकिरी तुकडा दिसला. जवळ गेलो तसा तो तुकडा उडाला, दोन हातांवर पडला आणि पंख तुटल्यासारखा फरफटू लागला. तो रातवा होता. तो बसला होता तिथे दोन अंडी होती. रातव्याची अंडी गुलाबट असतात, त्यांवर तपकिरी डाग असतात, हे मला नंतर कळले. ती दोन अंडी मात्र काळवंडलेली होती आणि एक तडकले होते. मी मागे सरकलो, तसा पक्षी परत आला आणि त्या भाजलेल्या अंड्यांवर पुन्हा बसला.

पुडे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला मी ते दाखवले. तो शांतपणे म्हणाला, “जारल्याबिना पत्ता फुटत नाई, बाबू.” अब्बांना सांगितले तर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “चल, मगरिब का वक्त हो रहा है.” दोघांच्याही बोलण्यात निर्दयपणा नव्हता. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्याबरोबर आहे. अब्बा आयुष्यभर एका पैचाही हिशेब चुकवणारे नव्हते. पुडा मोजताना त्यांनी कुणाचे पान मारले नाही. त्यांची कमाई हलालच होती, यावर माझा विश्वास आहे. मग ज्या रोटीत कुणाचे तरी घर जळाले, ती रोटी खाणाऱ्याचे त्या घराशी काही नाते लागते की नाही?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ते घर म्हणजे काय हे समजून घ्यायला हवे. आपण पक्ष्याचे घरटे म्हटले की झाडाकडे वर पाहतो. पण आपल्या गोंदियाच्या पानगळीच्या जंगलात अनेक पक्षी जमिनीवरच संसार मांडतात. रानकोंबडी झुडपाच्या बुंध्याशी पाचोळ्यात खळगा करते. चकोत्री बांबूच्या बेटात किंवा दाट झुडोऱ्यात अंडी घालते. तितर आणि लावा गवताच्या आडोशाला बसतात. लांडोर काटेरी झुडपात जागा शोधते. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग जमिनीवर किंवा बुटक्या झाडात काड्यापानांचा गोळा बांधतो आणि पाचोळा उलथून किडे वेचतो. रातवा तर काहीच बांधत नाही. तो उघड्या जमिनीवर किंवा पाचोळ्यावर दोन अंडी ठेवतो आणि अडीच आठवड्यांच्या आसपास त्यांवर निश्चल बसतो. त्याचे सगळे संरक्षण एवढेच की तो दिसत नाही.

हे पक्षी जागा कशी निवडतात, हा अभ्यासाचा विषय आहे. पाचोळा किती जाड आहे, वरून किती आडोसा आहे, शत्रू आला तर निसटायला वाट आहे का, पिलांसाठी किडे जवळ आहेत का, हे सगळे त्यात येते. गेल्या खेपेला जिथे पिले वाचली तिथे परत येण्याकडे आणि जिथे घात झाला ती जागा सोडण्याकडे अनेक पक्ष्यांचा कल असतो. आफ्रिकेतल्या झांबियात रातवे, धाविक आणि चिखले यांच्यावर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की या पक्ष्यांची प्रत्येक जात आपापल्या रंगाला साजेशी जागा निवडतेच, पण त्या जातीतला एकेक पक्षीसुद्धा स्वतःच्या पिसांशी किंवा स्वतःच्या अंड्यांशी मिळतीजुळती जमीन निवडतो. हे वाचले तेव्हा मला तो काळ्या जमिनीवरचा तपकिरी तुकडा आठवला. रातव्याने जागा बरोबरच निवडली होती. त्याने निवडली तेव्हा तिथे पाचोळा होता. मी त्याला वीस पावलांवरून पाहू शकलो, कारण जमीन नंतर बदलली होती.

आता आपण जंगलाचे काय करतो ते पाहू. आपल्याकडे जंगलाचे वर्ष माणसाच्या कामांनी आखलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. ती वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग पुष्कळदा झाडाखालीच थांबत नाही. त्याआधी आणि त्याच सुमारास तेंदूची खूटकटाई होते. झुडूप जमिनीसरसे छाटले की नवी, कोवळी, मोठी पाने येतात. छाटण्याचा त्रास वाचवायचा तर आग लावतात; जळालेल्या खुंटालाही पालवी फुटते. मग एप्रिलअखेर आणि मे महिन्यात पाने तोडण्यासाठी गावेच्या गावे जंगलात उतरतात. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते आणि त्याआधी जाळरेषा साफ करून घेते. नेमक्या याच महिन्यांत रानकोंबडी, चकोत्री, रातवा यांची अंडी जमिनीवर असतात. आमची मिळकत आणि त्यांची वीण एकाच महिन्यात येते, यात दोष ना त्यांचा ना आमचा. पण गाठ तिथेच पडते.

खाते आणि महामंडळ यांच्या कामाची गत वेगळी. महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले. मिश्र जंगलाचे कूप तोडायचे आणि त्या जागी सागाची लागवड करायची, हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला. साग इथलाच आहे, परका नाही. ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह यांच्या सोबतीने उभा असलेला साग पक्ष्यांना अडचणीचा होत नाही. पण एका वयाची, एका ओळीतली सागाची लागवड आणि तिच्यात वरचेवर होणारी झुडपांची, वेलींची साफसफाई म्हणजे रानकोंबडीच्या दृष्टीने छप्पर असलेले पण भिंती नसलेले घर. खाली सागाची मोठमोठी पाने पडतात, ती उन्हाळ्यात कडक वाळतात आणि ठिणगीची वाट पाहतात.

आणि ज्या जमिनीवर झुडपेच झुडपे आहेत, तिला आपण काय म्हणतो? पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात एक शब्द आहे : झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी जमीन आहे. ‘झुडपी’ या शब्दात एक हेटाळणी आहे. जिथे इमारती लाकूड मिळत नाही, ती जागा जंगल म्हणून उणी आणि म्हणून कशालाही द्यायला मोकळी, असा तिचा व्यवहारातला अर्थ झाला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या झुडपी जंगलांना वनच समजावे असा निकाल दिला. कायद्याने जे २०२५ साली ओळखले, ते तितराला आणि लांडोरीला आधीपासून ठाऊक होते.

इथवर आपण नुकसानाविषयी बोललो. पण माझ्या मते मूळ नैतिक प्रश्न नुकसानाचा नाही. जंगलात अंडी मरतातच. साप खातो, मुंगूस खातो, अवकाळी पाऊस येतो. निसर्गाने पक्ष्याला सुरक्षिततेची हमी दिलेली नाही. मग आमच्या आगीत आणि मुंगसात फरक काय?

फरक असा आहे, असे मला वाटते. मुंगूस आहे, हे पक्ष्याच्या निवडीत धरलेले असते. पिढ्यान् पिढ्या मुंगसांपासून वाचलेल्यांनीच ती निवड घडवली आहे. पाचोळा जाड आहे, वर आडोसा आहे, ही जी चिन्हे पक्षी वाचतो, ती जमिनीने त्याला दिलेला शब्दच असतात. शब्द असा, की अशी जागा घेतलीस तर वाचण्याचा संभव अधिक. हजारो वर्षे जमिनीने तो शब्द बऱ्यापैकी पाळला. आता आपण येतो. पक्ष्याने निवड करेपर्यंत चिन्हे तशीच ठेवतो आणि त्याने अंडी घातल्यावर ती जागा पेटवतो, छाटतो किंवा तुडवतो. म्हणजे सगळ्यांत चांगली दिसणारी जागा सगळ्यांत धोक्याची होते. शहाणा पक्षी फसतो. अशा जागांना अभ्यासक सापळाच म्हणतात. आपण पक्ष्याला मारतो एवढेच नव्हे. त्याच्या खऱ्या ज्ञानाला खोटे पाडतो. शिकारी निदान समोरून येतो. इथे तर कुणी शिकारीच नाही. आहे तो एक चांगला माणूस, वहीत प्रामाणिकपणे आकडे मांडणारा.

यावर कुणी म्हणेल, फसवणूक म्हटली की हेतू लागतो. अब्बांची नियत रातव्याला फसवण्याची नव्हती. खरेच नव्हती. अमल नियतीवर तोलले जातात हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते मला मान्यच आहे. पण नियतीचा आधार आपण किती काळ घेऊ शकतो? पुष्कळ वर्षांनी, अब्बा थकले होते तेव्हा, मी त्यांना त्या संध्याकाळची आठवण दिली. त्यांना ती होती. ते म्हणाले, “तब मालूम नहीं था, बेटा. अब तेरे को मालूम है.” नीतीवरची जाड पुस्तके जे सांगतात ते यात आले. माहीत नसताना जे घडले त्याची माफी असते. माहीत झाल्यावर तेच घडत राहिले, तर मात्र न कळणे हीच आपण केलेली निवड ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आग वाईटच कशावरून? याचे उत्तर अमेरिकेतल्या एका पक्ष्याने दिले आहे. मिशिगन राज्यात कर्टलंड वटवट्या नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. तोही जमिनीवर घरटे करतो, पण जॅक पाइन या झाडाच्या कोवळ्या, पाच ते वीस वर्षे वयाच्या रानातच, खाली टेकलेल्या हिरव्या फांद्यांच्या आडोशाला. अशी कोवळी राने पूर्वी वणव्यांनंतर उगवत. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली, जंगल म्हातारे झाले आणि पक्ष्याला जागाच उरेना. १९७४ साली आणि पुन्हा १९८७ साली गाणारे नर मोजले तेव्हा ते फक्त १६७ भरले. मग तिथल्या वनखात्यांनी ठरवून झाडे तोडली, नवी लावली, कोवळे रान सतत कुठेतरी असेल अशी व्यवस्था केली. पक्षी वाढला आणि २०१९ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आले.

म्हणजे एका ठिकाणी आगीने घर मोडले, तर दुसऱ्या ठिकाणी आग नसल्याने मोडले. आपल्याकडेही तितर-लाव्यांना गवताची मोकळी जागा लागते. सगळीकडे घाणेरी माजली तर त्यांचेही अवघड होते. तेव्हा ‘जंगलाला हात लावू नका’ हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. माणूस जंगलात हात घालणारच, शतकानुशतके घालत आलाच आहे. प्रश्न एवढाच आहे की हात घालण्यापूर्वी तिथे कोण राहते आणि ते कधी निवड करते, हे आपण विचारतो का? मिशिगनमध्ये ते विचारले गेले. आपल्या फळीवर मी लहान असताना ते कुणी विचारले नव्हते.

तिसरा आक्षेप माझ्या काळजाला लागतो, कारण तो माझ्या घरातून येतो. ज्यांच्या हातात मे महिन्यात एवढेच पैसे येतात, त्यांना पक्ष्यांची नीती शिकवणारे तुम्ही कोण? हा प्रश्न रास्त आहे. जंगलाच्या नीतीचे ओझे नेहमी सगळ्यांत खालच्या पाठीवर टाकले जाते. पान तोडणाऱ्याला पुड्यामागे जे मिळते त्याच्या वर ठेकेदार आहे, त्याच्या वर कारखानदार, त्याच्याही पुढे दूरच्या शहरात विडी ओढणारा. १९६९ च्या कायद्याने या राज्यात तेंदूच्या व्यापारावर सरकारचे नियंत्रण आले, तेव्हापासून सरकारही या साखळीत आहे. आगीसाठी दंड मात्र काडी ज्याच्या हातात सापडली त्याला. हे मी मान्य करत नाही. जो जितका अधिक मिळवतो, त्याची जबाबदारी तितकी अधिक. खूटकटाईची मजुरी वेळेवर आणि पुरेशी दिली तर आग लावण्याचे एक कारण उरत नाही. मोहाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरले तर फुले स्वच्छ मिळतात आणि पाचोळा राहतो. यातले काहीच गरिबाच्या पोटावर पाय देणारे नाही.

पण गरीब म्हणजे केवळ दयेचा विषय, असे मानणेही मला अपमानाचे वाटते. तो निर्णयही घेऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे गोंड आदिवासींचे एक छोटे गाव आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याखाली २०१२ साली पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबूची विक्री स्वतः सुरू केली. आणि तेंदूपत्ता, जो हक्काने त्यांचा होता, तो विकायचा नाही असे ग्रामसभेने ठरवले. कारणे साधी होती : पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात आणि टेंभरे मिळत नाहीत, ती माणसेही खातात, जनावरेही खातात. जंगलाचा काही भाग त्यांनी अजिबात हात न लावता राखून ठेवला. हा निर्णय कुणा साहेबाने लादलेला नव्हता. हातात हक्क आला, दुसरी मिळकत दिसली आणि मग माणसांनी बसून विचार केला. नीती उपदेशाने फारशी येत नाही. हक्क आणि पर्याय मिळाले की ती आपल्या पायांनी येते. गोंदियात सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे ते शक्य नाही. पण कुठली टेकडी यंदा पेटू द्यायची नाही, कुठला झुडोरा मेअखेरपर्यंत राखायचा, हे ठरवणे प्रत्येक ग्रामसभेला शक्य आहे.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला सगळ्यांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदियात उरला आहे आणि तोही मोजक्याच संख्येने. तोही जमिनीवर, धानाच्या बांधीत किंवा तळ्याकाठच्या गवतात घरटे करतो. त्याच्या घरट्याभोवतीचे धान उभे ठेवणारे शेतकरी इथे आहेत. त्याची दरवर्षी गणना होते, त्याच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चांगलेच झाले. पण सारस दिसतो. तो माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा, देखणा पक्षी. रातव्याचे आयुष्यच न दिसण्यावर उभे आहे. जो दिसत नाही त्याचाही हक्क मानणे, हीच नीतीची खरी परीक्षा. दिसणाऱ्याची कीव तर कुणालाही येते. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला राहून आपल्याला या न दिसणाऱ्यांची नावे शिकवली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. नावे आपल्याकडे राहिली आहेत. त्या नावांचे काय करायचे ते आता आपल्यावर आहे.

अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे, ती मला फार उशिरा वाचायला मिळाली. प्रवासात सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलली आणि ती पक्षीण पंख फडफडत भोवती घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी ते पाहिले, तिला पिलांपायी कुणी दुखवले असे विचारले आणि पिले परत करायला लावली. त्याच प्रवासात त्यांना मुंग्यांचे जाळलेले वारूळ दिसले, तेव्हा आगीची शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या मालकाखेरीज कुणाला नाही, असे त्यांनी सांगितले. पक्ष्याचे घर आणि आग, दोन्ही एकाच हदीसमध्ये शेजारी शेजारी. मला त्यात शिक्षेपेक्षा तो पहिला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कुणी केले हे? त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीतरी पुढे यावे लागते.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. अम्मीच्या हातची विडीची सूप घराच्या माळ्यावर पडून आहे. मागच्या मे महिन्यात देवरीकडे गेलो होतो. अंधार पडताच रस्त्याकडेच्या रानातून रातव्याचा आवाज आला, लाकडी फळीवर चेंडू टाकावा आणि तो उड्या घेत घेत थांबावा तसा. दूर डोंगरावर आगीची एक लांब रेघ दिसत होती. रातवा कुठल्या बाजूला बसला होता ते अंधारात कळले नाही. त्याने जागा बरोबरच निवडली असणार. मी गाडी उभी केली आणि वनखात्याच्या माणसाला फोन लावला. “कुणी लावली?” त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते. पण त्याच्या प्रश्नातून माझे नाव पूर्णपणे वगळावे, असे काही मला म्हणता आले नाही.